चिठ्ठी कुणाची, शिक्षा कुणाला : वाचकांचे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी कुठला कोर्स घेऊ, कुठलं कॉलेज बरं, असं विचारणारी माणसं एकदम नोटीस, सुनावणी, डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी), रस्टिकेट (ठरावीक काळासाठी कॉलेजातून काढणं) असे शब्द लिहायला लागतात. या वेळी तर गठ्ठाच आलाय, म्हणून सगळा कॉलम त्यालाच देतेय. मी पुण्यात तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच वर्षं शिस्त समितीवर आणि कॉपी प्रकरणांच्या कमिटीवर होते, म्हणजे मुलं ज्या टेबलासमोर थरथरत उभी राहतात त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली बाई मी. तिथून जे बघितलं त्याच्यावरनंच सांगतेय.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेपर चालू असताना भरारी पथक आलं आणि त्याच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. तो म्हणतो माझी नाही. त्यांनी पेपर काढून घेतला, दुसरी उत्तरपत्रिका दिली आणि एका फॉर्मवर सही घेतली, ती याने घाबरून न वाचताच केली. आता निकाल राखीव आहे आणि कमिटीपुढे हजर राहा असं पत्र आलंय. त्याचे बाबा म्हणतात जाऊन उपयोग नाही, त्यांचं आधीच ठरलेलं असतं. जावं का? वकील करावा का? – एक आई, धायरी

ताई, जायचंच. हे सगळ्यात आधी सांगते कारण न येणाऱ्या मुलांचं काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. खुर्ची रिकामी असली की कमिटी समोरच्या कागदांवर निर्णय घेते, आणि कागद असतात दोनच, एक पर्यवेक्षकांचा रिपोर्ट आणि दुसरा तुमच्या मुलाची सही असलेला तो फॉर्म. मग काय होणार सांगा.

आणि त्याला ऐकून घेणं म्हणजे कमिटी काही उपकार करत नाहीये हे त्याच्या बाबांना सांगा. १९६२ साली सुप्रीम कोर्टात उत्तर प्रदेशच्या परीक्षा बोर्डाची एक केस होती, तीन मुलांच्या परीक्षा रद्द केल्या, पुढच्या वर्षी बसायलाही बंदी घातली, आणि त्या मुलांना काही विचारलंच नाही. कोर्टाने स्वच्छ सांगितलं की अशी शिक्षा देणारी कमिटी ही न्यायनिवाड्यासारखंच काम करत असते, तेव्हा मुलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय शिक्षा देता येणार नाही. पण दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर अर्धवट माहितीवर तुम्ही तिथे जाऊन भांडाल. १९६८ मध्ये केरळ विद्यापीठाच्या एका कॉपी प्रकरणात याच कोर्टाने म्हटलं की ऐकून घेणं म्हणजे कोर्टासारखी सगळी पद्धत पाळणं नव्हे, तिथे चौकशी अहवालाची प्रत दिली नाही एवढ्यावर शिक्षा रद्द झाली नाही. म्हणजे कागदातल्या बारीक चुका शोधून सुटायच्या नादी लागू नका, मुद्द्याचं बोला.

मुद्द्याचं म्हणजे काय, तर एक गोष्ट सांगते जी माझ्या मनातून अजून जात नाही. मी कमिटीवर नवीन होते तेव्हा इंदापूरकडचा एक मुलगा आला होता, वडिलांबरोबर पहाटेच्या एसटीने आलेला, बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसलेला. आत आला, "चिठ्ठी माझी नव्हती" एवढं म्हणाला, आम्ही म्हटलं सगळे असंच म्हणतात, आणि तीन मिनिटांत त्याची पूर्ण परीक्षेची संपादणूक, म्हणजे सगळ्या पेपरांचे मार्क, रद्द करून मोकळे झालो. पुढे त्याच्या वडिलांनी अर्जावर अर्ज केले तेव्हा फाइल परत उघडली. पाकिटातली चिठ्ठी बाहेर काढली तर ती वेगळ्याच विषयाची. सकाळच्या सत्रात त्याच वर्गात दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा पेपर झाला होता, त्या विषयाची. पाच शिकली-सवरलेली माणसं टेबलाभोवती बसली होती आणि त्यातल्या एकानेही, मीसुद्धा, ती चिठ्ठी उघडून वाचली नव्हती. शिक्षा मागे घेतली पण तोवर त्याचं पुढच्या वर्षाचं ॲडमिशन गेलं होतं. त्यानंतर मी चिठ्ठी स्वतः वाचल्याशिवाय आणि प्रश्नपत्रिका शेजारी ठेवल्याशिवाय एकाही कागदावर सही केली नाही.

म्हणून तुमच्या मुलाला एक पानभर लिहून न्यायला सांगा, त्याच्याच अक्षरात. त्यात दिवस, वेळ, बाक कुठला होता, आधी त्या वर्गात पेपर झाला होता का, चिठ्ठी अंगावर सापडली की खाली, कोणी उचलली, हे सगळं लिहायचं. चिठ्ठीतलं अक्षर माझ्या अक्षराशी जुळवून बघा, चिठ्ठीतला मजकूर प्रश्नपत्रिकेतल्या कुठल्या प्रश्नाचा आहे आणि मी पहिल्या उत्तरपत्रिकेत त्यातलं काही उतरवलंय का ते बघा, अशी विनंती त्यात स्पष्ट करायची, आणि सही घाबरून न वाचता केली हेही लिहायचं, लपवायचं नाही. दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर तारखेसकट पोच घ्यायची. वकील या टप्प्यावर बहुतेक कमिट्या आत घेत नाहीत आणि गरजही नसते, तुम्ही दोघं बरोबर जा.

आता एक विचारते, राग मानू नका. घरी शांतपणे, आरडाओरडा न करता, त्याला एकदा विचारा की खरंच नव्हती ना तुझी. असेल तर वर लिहिलेलं पान विसरा आणि त्याला खरं बोलू द्या. शिक्षा होईल, ती त्या एका पेपरपुरती असू शकते किंवा सगळ्या परीक्षेची, गंभीर प्रकार असेल तर पुढच्या परीक्षांना बंदीही येते, आणि आपल्या राज्यात १९८२ पासून परीक्षेतल्या गैरप्रकारांचा वेगळा कायदाच आहे. पण समोर उभं राहून कबूल करणारा मुलगा आणि खोटं रेटून नेणारा मुलगा यांच्यात मी तरी कायम फरक केला, आणि माझ्याबरोबर बसणाऱ्या बहुतेकांनी केला.

प्रश्न : मला ऑक्टोबरात डेंगी झाला, तीन आठवडे गावी होतो. वर्गशिक्षकांना व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. आता माझी हजेरी ६१ टक्के दाखवतायत, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलंय, टर्म ग्रँट करणार नाही, म्हणजे परीक्षेला बसू देणार नाही म्हणतात. – एस.वाय.चा विद्यार्थी, कर्वेनगर

अरे, आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा ७५ टक्क्यांचा नियम आहे आणि तो तुला ॲडमिशन घेतानाच माहीत होता, त्यामुळे नियमच चुकीचा आहे असं भांडायला जाऊ नकोस. तुझं भांडण वेगळं आहे, आजारपणाचे दिवस धरा एवढंच. डिस्चार्ज कार्ड, रक्ताच्या रिपोर्टची प्रत, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि व्हॉट्सॲपच्या त्या मेसेजची प्रिंट लावून प्राचार्यांच्या नावाने अर्ज दे, एचओडींच्या थ्रू. विषयवार हजेरी किती ते लेखी माग, कारण एकूण ६१ असेल पण चार विषयांत ७५ च्या वर असेल तर बोलणंच बदलतं. राहिलेली प्रॅक्टिकल्स आणि असाइनमेंट भरून देतो हे आपणहून लिही. उद्याच दे, हॉल तिकीट निघायच्या आदल्या दिवशी अर्ज घेऊन येणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

कॉलेजांनाही सांगावंसं वाटतं की डिफॉल्टर लिस्ट दर महिन्याला लावा हो. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात लावलेल्या लिस्टने कुठला मुलगा वर्गात येणार आहे?

प्रश्न : मी एका व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या कॉलेजात सहायक प्राध्यापक आहे, यंदा अँटी रॅगिंग कमिटीवर घेतलंय. हॉस्टेलमधल्या फर्स्ट इयरच्या सहा मुलांनी तक्रार केली, रात्री बाहेर काढून तासन्‌तास उभं करतात, मारतात. पण सीनियर्ससमोर बोलायला ती तयार नाहीत. सीनियर्सचे पालक म्हणतात आमच्या मुलांसमोर साक्ष घ्या, उलटतपासणी करू द्या, नाहीतर कोर्टात जातो. आमचे काही वरिष्ठ म्हणतात आपसात मिटवा. मला रात्री झोप लागत नाहीये. – एक शिक्षक, पुणे

सर, झोप लागत नाहीये म्हणजे योग्य माणूस कमिटीवर आलाय असं मला वाटतं.

मिटवायचं हा पर्याय तुमच्याकडे नाही, हे आधी त्या वरिष्ठांना दाखवा. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे, म्हणजे देशात याची एवढी चर्चा व्हायच्या कितीतरी आधीचा. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांच्यापैकी कोणीही लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून काढणं आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. आणि जो प्रमुख तक्रार येऊन गप्प बसतो त्याने रॅगिंगला मदत केली असं तोच कायदा धरतो. हे शेवटचं वाक्य त्यांच्यापुढे मोठ्याने वाचा. वर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २००९ चे नियम आहेत, सुप्रीम कोर्टाच्या आदेशांवरून आणि रॅगिंगवरच्या राघवन समितीच्या शिफारशींनंतर आलेले, त्यात तर गुन्ह्याचा प्रकार दिसला की माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत एफआयआर द्यायला सांगितलंय. मारहाण आहे तुमच्याकडे, मग कशाची वाट बघायची?

आता उलटतपासणीचं. १९७३ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजचा, तो प्रत्येक अशा कमिटीने वाचावा असं मला मनापासून वाटतं. काही मुलगे रात्री मुलींच्या हॉस्टेलच्या आवारात शिरले, अतिशय घाणेरडं वागले. मुलींनी प्राचार्यांकडे तक्रार केली. तिथल्या समितीने मुलींचे जबाब त्या मुलग्यांच्या गैरहजेरीत घेतले, त्यांचे फोटो इतर मुलांच्या फोटोंमध्ये मिसळून मुलींसमोर ठेवले आणि ओळख पटवली, आणि मग मुलग्यांना बोलावून आरोप काय आहेत ते सांगितलं, त्यांचं म्हणणं लेखी घेतलं. त्यांना दोन वर्षांसाठी काढलं. ते कोर्टात गेले, म्हणाले आमच्यासमोर साक्ष नाही, उलटतपासणी नाही. कोर्टाने शिक्षा कायम ठेवली, कारण त्या मुलींना त्यांच्यासमोर उभं केलं असतं तर एकही बोलली नसती, आणि बोलली असती तर नंतर बाहेर तिला कोण सांभाळणार होतं.

तुम्ही अगदी हेच करा. सहाही मुलांचे जबाब वेगवेगळे घ्या, हॉस्टेलमध्ये नाही, आणि शक्यतो अशा वेळी की कोण कधी आत गेलं ते कुणाला कळणार नाही. तारीख, रात्रीची वेळ, खोली, कोण काय म्हणालं, मोबाइलवर काही असेल तर ते, सगळं टाइप करून प्रत्येक पानावर सही. मग सीनियर्सना नोटीस द्या आणि त्यात आरोप नीट लिहा. "गैरवर्तन केल्याचे समजते" असलं गुळमुळीत वाक्य लिहिलं की उत्तर देणाऱ्याला उत्तर देता येत नाही, आणि कोर्टात पहिला मार तिथेच बसतो. काय केलं, कधी, कुठे, एवढं सांगा, तक्रारदारांची नावं सांगू नका. उत्तराला पुरेसा वेळ द्या, समोर बोलावून ऐका, एखादा म्हणाला मी त्या रात्री घरी होतो तर खरंच त्याच्या घरी फोन करा, हॉस्टेलचं रजिस्टर बघा, सीसीटीव्ही बघा. आणि शेवटच्या आदेशात कारणं लिहा, प्रत्येकाची वेगळी. पाच जणांना एकाच ओळीत एकच शिक्षा लिहून टाकली की त्यात जो नुसता बाजूला उभा होता तोही तेवढाच भरडला जातो. यूजीसीच्या नियमांत शिक्षांची मोठी यादी आहे, स्कॉलरशिप थांबवण्यापासून हॉस्टेलमधून काढणं, एक ते चार सेमिस्टर रस्टिकेट करणं, कायमचं काढणं इथपर्यंत, ती याचसाठी की कृत्य बघून शिक्षा ठरवता यावी.

कोणी केलं ते ओळखताच आलं नाही तर सगळ्यांना मिळून शिक्षा करायची तरतूदही त्या नियमांत आहे. मला ती कधीच पटली नाही, सरळ सांगते. एका मजल्यावरच्या चाळीस मुलांना शिक्षा केली की करणारे चारजण त्या गर्दीत आरामात लपतात, आणि उरलेल्या छत्तीस जणांचा राग तक्रार करणाऱ्यावर निघतो. आधी शोधा, दमेपर्यंत शोधा.

त्या सहा मुलांना १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर देऊन ठेवा, चोवीस तास चालू असतो. आणि आज रात्री ती मुलं कुठे झोपणार आहेत ते बघा. नोटीस उद्या निघाली तरी चालेल, त्यांची खोली आज बदला.

प्रश्न : हॉस्टेलच्या मेसच्या डाळीत अळ्या निघाल्या, मी व्हिडिओ काढून इन्स्टाला स्टोरी टाकली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं, डिलीट करायला लावली, माफीनामा लिहून घेतला आणि पंधरा दिवस कॉलेजला येऊ नकोस असं तोंडी सांगितलं. आईबाबांना सांगायची भीती वाटते. माझं करिअर संपलं का? – टी.ई.ची (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची) विद्यार्थिनी, आंबेगाव

नाही गं, काही संपलेलं नाही. आधी घरी फोन कर, हे वाचून झालं की लगेच. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे.

मग कॉलेजच्या अधिकृत मेलवर चार ओळींचा मेल टाक, अमुक तारखेला मला तोंडी असं सांगण्यात आलं, मला निलंबित केलं असेल तर कारणांसह लेखी आदेश द्यावा, नसेल तर मी उद्यापासून वर्गात येतेय. भाषा साधी ठेव, टोमणे नकोत. तोंडी निलंबन ही मोठी सोयीची वस्तू आहे, कागद नाही म्हणून अपील नाही, आणि सेमिस्टरच्या शेवटी तेच पंधरा दिवस तुझ्या गैरहजेरीत मोजले जातात. म्हणून मेल.

२०२५ च्या मे महिन्यात पुण्यातल्याच एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीची केस मुंबई हायकोर्टात गेली होती, पेपरात वाचली असशील. तिने सोशल मीडियावर एक पोस्ट शेअर केली, थोड्या वेळात काढली, माफीही मागितली, तरी कॉलेजने रस्टिकेट केलं आणि पोलिसांनी अटक केली. त्या पोस्टबद्दल कुणाचं काही मत असो, तुझी गोष्ट तिच्याइतकी गंभीर नाहीच. पण हायकोर्टाने तिला सोडायला सांगितलं, रस्टिकेशनला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं, आणि कॉलेजच्या आदेशातला मोठा दोष कोणता सापडला, तर बाजू मांडायची संधीच दिली नव्हती. एवढ्या तापलेल्या प्रकरणात जर विचारल्याशिवाय काढता येत नाही, तर डाळीतल्या अळ्यांवरून कसं येईल?

कॉलेजने मेलला उत्तर दिलं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी ती प्रत्येक कॉलेजला बंधनकारक आहे, समितीत किमान एक बाई असावी लागते, आणि समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथे पटलं नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं, पंधरा दिवस लक्षात ठेव, लोक तिथेच चुकतात.

एक मात्र बघ. स्टोरीत मेसवाल्या काकूंचा चेहरा होता का, त्यांच्याबद्दल काही वाईट लिहिलं होतंस का? असेल तर तेवढ्यापुरती त्यांची माफी माग, मनापासून, कारण डाळ खरेदी त्यांनी केलेली नसते. व्हिडिओ खरा असेल तर त्याची माफी मागायचं कारण मला दिसत नाही. आणि मूळ व्हिडिओ जपून ठेव.

प्रश्न : मुलाने पहिल्याच महिन्यात कॉलेज बदललं. जुनं कॉलेज शिस्तीचा दंड म्हणून पाच हजार मागतंय, भरेपर्यंत बारावीचं ओरिजिनल मार्कशीट आणि लिव्हिंग देणार नाही म्हणतं. – एक वडील, हडपसर

भाऊ, ओरिजिनल कागद अडवून ठेवता येत नाहीत. यूजीसीने २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट सांगितलंय की मूळ कागद ॲडमिशनच्या वेळी समोर तपासायचे, लगेच परत द्यायचे आणि साक्षांकित प्रती ठेवायच्या. फी परतीचा तक्ताही तिथेच आहे, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेनंतर पंधरा दिवसांच्या आत सोडलं असेल तर ८० टक्के, तीस दिवसांच्या आत असेल तर ५० टक्के, त्यानंतर काही नाही, म्हणजे तारखा आधी काढून बघा, कदाचित तुमचंच येणं निघेल. दंडाबद्दल एकच विचारा, कुठल्या नियमाखाली आणि कुणाच्या सहीने, आणि पावती मिळणार का. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात लिहून आवक विभागात द्या. शिक्का मारून देत नसतील तर तिथे वाद घालत बसू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टने प्राचार्यांच्या नावाने पाठवा आणि पोस्टाची पावती मार्कशीटच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.